संग्रहालयांतील लग्नमंडप

लग्न कोणाशीं करावें, कोणत्या वयांत करावें आणि कोणत्या विधीनें लावावें, या तीन प्रश्नांवर मराठी वर्तमानपत्रांनीं गेल्या दीडशें वर्षांत जितकी शाई खर्च केली तितकी दुसऱ्या कोणत्याहि सामाजिक प्रश्नावर क्वचितच केली असेल. लग्न कोठें लावावें, हा चौथा प्रश्न मात्र कोणीं विचारण्याजोगा मानला नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्याचें लग्न जातींतल्या जातींत ठरतें त्याला जागेची अडचण पडतच नाहीं. मुलीच्या दारचा मांडव आहे, ज्ञातीचें कार्यालय आहे, कुलदैवताचें देऊळ आहे. ऐपतीप्रमाणें जागा लहान किंवा मोठी मिळते, इतकेंच. अडचण पडते ती वधू एका समाजाची व वर दुसऱ्या समाजाचा असला म्हणजे. भटजी म्हणतात, हें आमच्या पोथींत बसत नाहीं. पाद्री किंवा काझी म्हणतात, आधीं धर्माचें काय तें ठरवा. कार्यालयाचे चिटणीस म्हणतात, जागा ज्ञातिबांधवांसाठीं आहे. आणि घरचीं माणसें म्हणतात, काय करावयाचें तें आमच्या दारापासून दूर करा. मग हें जोडपें तीन साक्षीदार घेऊन सरकारी कचेरीच्या अरुंद वाटेंत, खरेदीखतें नोंदविणाऱ्यांच्या गर्दींत उभें राहतें, सह्या करतें आणि बाहेर येऊन चहा पितें. ज्या दिवसाची आठवण जन्मभर काढावयाची तो दिवस असा चोरट्यासारखा उरकावा लागतो.

अशा जोडप्यांच्या विवाहसमारंभास आमचीं सार्वजनिक पदार्थसंग्रहालयें खुलीं करावीं, ही सूचना आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. ती ऐकून कित्येकांस हसूं येईल. अजबखान्यांत लग्न! मग वऱ्हाडी कोण, पेंढा भरलेला वाघ? हंसावयाचें त्यांनीं अवश्य हंसावें. परंतु हंसून झाल्यावर पुढचा मजकूर वाचावा, अशी आमची विनंति आहे.

पनवेल तालुक्यांतील आपटा हें पाताळगंगेच्या कांठचें गांव. पनवेल-रोहे लोहमार्गावर त्याचें लहानसें स्टेशन आहे, आणि त्या स्टेशनानें गांवापेक्षां मोठें नांव कमावलें आहे. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या बोलपटाचा शेवटचा प्रवेश याच फलाटावर घेतला गेला. गाडी सुटते, बाप मुलीचा धरलेला हात सोडतो, आणि मुलगी धांवत्या गाडींत चढते. या प्रवेशावर साऱ्या देशानें टाळ्या वाजविल्या, डोळे पुसले, आणि अजूनहि लोक तो पुनःपुन्हां पाहतात. येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या कथेंतील वधूवर दोघेंहि पंजाबी, दोघेंहि हिंदु, दोघांचीहि घरें विलायतेंत. इतक्या सोप्या लग्नालाहि बापाचें मन वळविण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागला! खऱ्या फलाटावरून खरी मुलगी, मग ती आपट्याची असो, पेणची असो कीं कर्जतची असो, परधर्मीय तरुणाबरोबर गाडींत बसली तर त्याच प्रेक्षकांपैकीं किती जण टाळ्या वाजवितील?

हा प्रश्न आम्ही अलंकारासाठीं विचारलेला नाहीं. रायगड जिल्हा, ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत, तो गांवकीच्या बहिष्कारासाठीं गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रभर बदनाम झाला. कोठें निवडणुकीच्या वैरावरून, कोठें जमिनीच्या तंट्यावरून, कोठें मनाविरुद्ध झालेल्या लग्नावरून कुटुंबेंच्या कुटुंबें वाळींत पडलीं. दुकानदार सामान देईना, शेजारी विस्तव देईना, मयताला खांदा मिळेना. या जुलमावर उपाय म्हणून १९४९ सालीं मुंबई प्रांतानें बहिष्कार-प्रतिबंधाचा कायदा केला होता. तो १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ हें क्षेत्र मोकळें राहिलें. शेवटीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला व तो २०१७ च्या जुलईंत अमलांत आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत आहे. कायदा चांगला आहे. परंतु कायद्यानें बहिष्कार घालणारास शिक्षा होते. बहिष्कृताच्या मांडवांत माणसें येत नाहींत. तीं यावयाचीं तर कोणीतरी प्रतिष्ठित यजमान लागतो. ज्याच्या दारांत जाण्यास कोणास कमीपणा वाटणार नाहीं असा यजमान कोण? आमच्या मतें तो यजमान म्हणजे नगर.

कायदा या बाबतींत आमच्या समजुतीहून उदार आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मिश्रविवाहाचा पहिला कायदा म्हणजे १८७२ चा तिसरा कायदा. ब्राह्मसमाजाच्या, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या, खटपटीनें तो झाला. परंतु त्यांत एक विचित्र अट होती: हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकीं कोणताहि धर्म मी मानीत नाहीं, असें वधूवरांनीं लिहून द्यावयाचें. म्हणजे लग्न करावयाचें तर आधीं निधर्मी व्हावयाचें! १९२३ सालीं हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांस आपसांत ही अट माफ झाली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें ती सर्वांसच माफ केली. या कायद्याचें बारावें कलम आम्ही प्रत्येक वाचकास मुद्दाम वाचण्यास सांगूं. त्यांत म्हटलें आहे कीं विवाह अधिकाऱ्याच्या कचेरींत किंवा तेथून वाजवी अंतरावरील, पक्षकारांस पसंत असेल त्या दुसऱ्या जागीं लग्न लावतां येतें. त्यासाठीं जादा फी भरावी लागते. विधि कोणताहि असूं शकतो. आवश्यक काय, तर अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमक्ष उभयतांनीं आपणांस समजणाऱ्या भाषेंत एकमेकांस, मी तुझा कायदेशीर पति म्हणून अथवा पत्नी म्हणून स्वीकार करतों वा करतें, एवढें स्पष्ट म्हणणें. इंग्लंडांत कचेरीबाहेर असें नोंदणीचें लग्न लावण्याची मोकळीक १९९४ च्या कायद्यानें मिळाली. तेव्हांपासून तेथें किल्ले, जुने वाडे व संग्रहालयें यांत लग्नें लागूं लागलीं. पण तेथें अशा लग्नांत धार्मिक मंत्र म्हणण्यास मनाई आहे. आमच्याकडे तीहि मनाई नाहीं. चाळीस वर्षें आधीं आम्हांस मिळालेली ही मोकळीक आम्ही वापरली मात्र नाहीं.

आतां पदार्थसंग्रहालयच कां? सभागृहें काय थोडीं आहेत? याचें उत्तर देण्यासाठीं आम्ही वाचकांस मुंबईच्या राणीच्या बागेजवळील संग्रहालयाकडे नेऊं इच्छितों. तें लोकांसाठीं उघडलें १८७२ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं तो मिश्रविवाहाचा पहिला कायदा झाला त्याच वर्षीं. योगायोगच, पण बोलका योगायोग. या इमारतीसाठीं नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं खटपट केली आणि मुंबईच्या शेटसावकारांनीं, हिंदु, पारशी, यहुदी, मुसलमान सर्वांनीं, वर्गणी दिली. पूर्वीं त्यास व्हिक्टोरिया राणीचें व तिच्या पतीचें नांव होतें. १९७५ सालीं डॉ. भाऊ दाजींचें नांव दिलें गेलें. भाऊ दाजी हे स्त्रीशिक्षणाचे व पुनर्विवाहाचे कैवारी. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडींत त्यांच्याबरोबर डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, ज्यांच्या पुढाकारानें १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापन झाला. या आत्मारामपंतांच्या कन्या अन्नपूर्णाबाई यांनीं १८७९ सालीं हॅरोल्ड लिटलडेल या बडोद्याच्या कॉलेजांतील विलायती अध्यापकाशीं लग्न केलें. मराठी मुलीनें दूरदेशच्या माणसास वरण्याची गोष्ट, ही अशी, आमच्याकडे जुनीच आहे. नवी आहे ती आमची तिच्याविषयींची बेचैनी.

त्या संग्रहालयांत काचेच्या कपाटांतून मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींच्या मातीच्या मूर्ति मांडल्या आहेत. कोणाची पगडी चक्री, कोणाची लाल, कोणाचें पागोटें. कोणाचें नऊवारी, कोणाचा झगा. प्रत्येकाच्या पायाशीं नांवाची चिठ्ठी. कारागिरी नामी आहे. मुलांना घेऊन जावें आणि तासभर पाहावें अशी. पण पाहतां पाहतां मनांत येतें कीं, आमचा समाजहि असाच कपाटांत उभा आहे. शेजारीं शेजारीं, एकाच छपराखालीं, पण मध्यें कांच. या मूर्तींच्या समोर एखादें कोळ्याचें पोर व एखादी खोजाची मुलगी हातांत हात घेऊन उभीं राहिलीं, तर त्या दालनांतील शंभर चिठ्ठ्यांनीं सांगितलें नाहीं तें एका दृश्यानें सांगितलें जाईल. सभागृह हें कोणाचेंच नसतें. संग्रहालय हें सर्वांचें असतें. त्यांत मुलीच्या आजीच्या पाठच्या पिढ्यांचीं भांडीं असतात आणि मुलाच्या पणज्यांचीं हत्यारें असतात. दोन्हीं घरच्या पूर्वजांस एकाच वेळीं आमंत्रण देतां येईल अशी दुसरी जागा आम्हांस तरी सुचत नाहीं.

संग्रहालयाचे अधिकारी यावर पहिला आक्षेप घेतील तो रक्षणाचा, आणि तो खरा आहे. होमाच्या धुरानें काजळी धरते. तुपातेलाचे थेंब उडतात. अक्षतांमागून मुंग्या व उंदीर येतात. फुलांबरोबर किडे येतात आणि ते जुन्या कापडांत, कागदांत व लाकडांत घर करतात. दोनशें माणसें बंद दालनांत दोन तास राहिलीं तर त्यांच्या श्वासानेंच हवा दमट होते, आणि कोंकणच्या हवेंत बुरशीला तेवढें निमित्त पुरतें. म्हणून पंगत दालनांत नको, होम दालनांत नको. तें सर्व अंगणांत, मांडवाखालीं. दालनांत काय व्हावें? जें कायद्यास हवें तेवढेंच: एक वाक्य त्याचें, एक वाक्य तिचें, आणि सह्या. नोंदणीच्या लग्नास ना ज्योत लागते ना धूर. असा निरुपद्रवी विधि दुसरा कोणता? संरक्षित स्मारकांची गोष्ट वेगळी. १९५९ च्या नियमांप्रमाणें तेथें समारंभ करण्यास केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते, आणि ती अट राहावी हेंच बरें. रायगडावर वराती नेण्याचा सल्ला आम्ही देत नाहीं.

दुसरा आक्षेप सनातनी मित्रांचा. ते म्हणतील, ही सारी साहेबी थेरें. आमच्या संस्कृतीला हीं मिश्रणें परकीं. या मित्रांनीं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जाऊन यावें. तेथें कोथरुडाहून सोडवून आणून पुन्हां उभारलेला मस्तानी महाल आहे. लोक रांगेनें येतात, खांब व छत पाहून वाहवा करतात. ज्या बाईच्या नांवाचा हा महाल तिला बाजीरावाच्या घरांनीं व पुण्याच्या ब्रह्मवृंदानें काय मान दिला? तिच्या मुलाची मुंज लावण्यास नकार मिळाला. तो समशेर बहाद्दर म्हणून वाढला आणि १७६१ सालीं पानिपताच्या रणांत मराठ्यांसाठीं लढून मेला. मुंजीला जो चालला नाहीं तो मरणाला चालला! १७४० सालीं बाजीराव व मस्तानी दोघेंहि गेलीं. तीं जिवंत असतां त्यांच्या संबंधास पुण्यांत जागा नव्हती. आज त्यांच्या लाकडी खांबांस आहे. हा आमचा मिश्रविवाहाविषयींचा आदर. तो जिवंत माणसांस दाखविण्याची वेळ आली आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

इंदूरची हकीकत याहून अलीकडची. १९२६ सालीं गादी सोडलेले तुकोजीराव होळकर यांनीं १९२८ च्या मार्चांत अमेरिकेंतील नॅन्सी अ‍ॅन मिलर या तरुणीशीं लग्न केलें. त्या वेळीं केवढा गदारोळ उठला! तो शमविण्यासाठीं काय करावें लागलें हें पाहण्यासारखें आहे. आधीं नाशिकास शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्तें त्या बाईंस हिंदु धर्मांत घेतलें, शर्मिष्ठा असें नांव दिलें, मग धनगर ज्ञातींत सामील करून घेतलें, आणि त्यानंतर बडवाह येथें लग्न लागलें. म्हणजे परजातीची वधू चालत नाहीं हा नियम मोडला नाहीं. वधूचीच जात बदलून नियम शाबूत ठेवला. डॉ. कुर्तकोटींचें धैर्य आम्ही कमी लेखीत नाहीं. १९२८ सालीं एवढें करणेंहि थोडें नव्हतें. परंतु राजाला जें साधलें तें आपट्याच्या रिक्षावाल्याला साधत नाहीं, आणि कोणासहि तें साधावें लागूं नये. होळकरांचा इंदूरचा लालबाग राजवाडाहि पुढें संग्रहालयच झाला.

आणि संस्कृतिमिश्रण परकें म्हणणाऱ्यांनीं खुद्द आपल्या जिल्ह्याकडे पाहावें. या किनाऱ्यावर शतकानुशतकें राहिलेले बेने इस्रायल, ज्यांस आपण शनिवार तेली म्हणत होतों, त्यांचें लग्न म्हणजे दोन संस्कृतींचा संगमच. हळद लागते, मेंदी लागते, गळ्यांत मंगळसूत्र येतें, हातांत हिरवा चुडा येतो. आणि करारपत्र वाचलें जातें तें यहुद्यांच्या प्राचीन भाषेंत. पनवेलचें त्यांचें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें आहे. केहिमकर, पेणकर, दिवेकर हीं आडनांवें घेऊन हे लोक इस्रायलांत गेले, तेव्हां तेथील मुख्य धर्मगुरूंनीं १९६२ सालीं त्यांच्या लग्नांस हरकत घेतली: यांचें कूळ शुद्ध आहे कीं नाहीं याची पिढ्यानुपिढ्यांची चौकशी झाल्याशिवाय इतर यहुद्यांशीं यांचीं लग्नें लावूं नयेत! आमच्या कुलाब्याच्या माणसांनीं तेथें निदर्शनें केलीं, प्रश्न संसदेंत गेला, आणि १९६४ सालीं धर्मगुरूंस त्या हुकुमांतील त्यांच्या नांवाचा उल्लेख काढावा लागला. गांवकी फक्त आपट्यापनवेलांतच असते असें नाहीं, आणि ती हलवितांहि येते.

व्यापारी वर्गास एक गोष्ट स्वतंत्रपणें सांगितली पाहिजे, कारण पेढीवर तिच्याविषयीं भलत्याच समजुती असतात. मुलानें नोंदणी लग्न केलें म्हणजे तो वारसास मुकला, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. विशेष विवाह कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणें हिंदु, बौद्ध, शीख वा जैन अविभक्त कुटुंबांतील माणसानें त्या कायद्याखालीं लग्न केलें तर तो कुटुंबापासून विभक्त झाला असें धरतात. विभक्त झाला, वंचित झाला नाहीं. त्याचा हिस्सा त्याचा राहतो. पुढें त्याच्या मिळकतीस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. १९७६ सालच्या दुरुस्तीनें, वधूवर दोघेंहि या चार धर्मांपैकीं असतील तर हा नियमच लागू होत नाहीं. तेव्हां ज्या शेटजींस पेढीची काळजी वाटते त्यांनीं मुलाशीं अबोला धरण्यापूर्वीं वकिलाची एक भेट घ्यावी. आम्हांस तर या कलमाचें आजच्या काळांत प्रयोजनच दिसत नाहीं. लग्न ज्याचें त्यानें करावें आणि वांटणी कायद्यानें परस्पर करून द्यावी, हा कोणता न्याय?

अशा जोडप्याच्या वाटेंतील खरा कांटा मात्र नोटिशीचा. दोघांपैकीं एकानें अधिकाऱ्याच्या जिल्ह्यांत निदान तीस दिवस राहिलेलें असलें पाहिजे; मग नोटीस द्यावयाची; ती कचेरींत ठळक जागीं लावली जाते आणि तीस दिवसांत कोणीहि हरकत घेऊं शकतो. हरकत घेण्याचीं कारणें कायद्यानें ठरविलेलीं आहेत, वय, आधींचें लग्न, निषिद्ध नातें इत्यादि. जात किंवा धर्म हें कारण त्यांत नाहीं. पण फलकावर नांव पाहून गांवीं निरोप धाडणारास कारण कशाला लागतें? अलाहाबाद उच्च न्यायालयानें २०२१ च्या जानेवारींत निर्णय दिला कीं नोटीस प्रसिद्ध करावी कीं नाहीं हें जोडप्याच्या इच्छेवर सोडावें. महाराष्ट्रांत याच्या उलट, २०२२ च्या डिसेंबरांत सरकारनें आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवण्यासाठीं समिति नेमली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गाळला आणि ‘आंतरधर्मीय’ तसाच ठेवला. एकीकडे आंतरजातीय विवाहास सरकारच पन्नास हजार रुपयांचें साहाय्य देतें. मग शेजारच्या दुसऱ्या जोडप्यावर नजर ठेवण्यांत सुसंगति कोणती, तें सरकारनेंच सांगावें.

जिल्ह्याच्या अटीमुळें आपट्याच्या जोडप्यास भायखळ्याचें संग्रहालय सहसा उपयोगी पडणार नाहीं, हें आम्ही जाणतों. वर मुंबईचा असेल तरच तें जमेल. म्हणून रायगड जिल्ह्यास स्वतःची जागा हवी. पनवेल नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका २०१६ ची; तिच्याकडे सभागृहें आहेत, आणि एखाद्या इमारतींत चार दालनांचें जिल्ह्याचें संग्रहालय उभारण्यास पैसा लागतो त्याहून इच्छा अधिक लागते. भातगिरणीच्या जुन्या वस्तु, मिठागरांचीं अवजारें, यहुद्यांचे दिवे, आगऱ्यांचे दागिने, कोंकणी मुसलमानांच्या गलबतांच्या वह्या, असें जें घरोघर धूळ खात आहे तें मागितलें तर मिळेल. त्याच्या अंगणांत नोंदणी विवाहास महिन्यांतले दोन रविवार ठरवावे. फी एकच असावी, जात विचारण्याचा रकाना अर्जांत नसावा. विवाह अधिकाऱ्यास येण्याजाण्याचा खर्च त्या फींतून द्यावा. आणि पहिल्या वर्षीं निदान महापौरांनीं प्रत्येक लग्नास साक्षीदार म्हणून सही करावी. ठराव करावयाचा तर तो पावसाळ्यांतच व्हावा. जोडप्यास मुहूर्त नको असला तरी वऱ्हाडी मोकळे होतात ते तुळशीच्या लग्नानंतर, आणि नोटिशीचे तीस दिवस त्याच्या आधीं मोजावयाचे असतात.